बॅटरीची गाडी अडली? आधी मीटर, मग पाना

गोल्फ खेळणारा माणूस मी अजून समोर बघितलेला नाही, पण गोल्फ कार्ट मात्र बरीच वर्षं सांभाळतोय. कोल्हापुरात पन्हाळा रोडला आमचं लग्नाचं लॉन आहे. पार्किंगपासून मांडवापर्यंत चढ आहे, म्हणून म्हाताऱ्या माणसांसाठी दोन जुन्या कार्ट घेतल्या. त्याआधी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंग करायचो. उसाला पाणी पाजणाऱ्या पंपांच्या शेकडो मोटरी हाताखालून गेलेल्या, त्यामुळं ‘ह्यात काय एवढं’ असा तोरा होता. पहिल्याच लग्नसराईत तो उतरला.

नवरीची आजी गाडीत बसलेली. पॅडल दाबलं, सीटखाली ‘टक्’ असा आवाज आला आणि गाडी जागची हलेना. आमच्याकडचे मामा म्हणाले, “आवाज येतोय न्हवं दादा? म्हंजे करंट पोचतोय. कंट्रोलरच गेला असणार बगा.” मीही मान डोलावली. आजींना खुर्चीसकट चौघांनी उचलून मांडवात नेलं. मी दुसऱ्या दिवशी कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा, मागवला आणि आठवडाभरानं बसवला, तरी गाडी तशीच. दोष सॉलेनॉइडमध्ये, म्हणजे पॅडल दाबल्यावर बॅटरीचा करंट पुढं जोडणाऱ्या स्विचमध्ये होता, आणि सॉलेनॉइडची किंमत कंट्रोलरच्या पासंगालाही पुरत नाही. इलेक्ट्रिकल माल एकदा खोका फोडला की कोण परत घेतं? तो कंट्रोलर अजून कपाटात आहे.

तुमच्याकडं नवीनच गाडी आली असेल, कॉलेजच्या आवारात, रिसॉर्टवर किंवा कारखान्याच्या गेस्ट हाउसला, तर हे वाचून घ्या. खालचे आकडे ४८ व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीवाल्या गाडीचे आहेत, आपल्याकडं त्याच जास्त दिसतात. ३६ किंवा ७२ व्होल्टची असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

१. काय काय हाताशी हवं

- डिजिटल मल्टीमीटर. शंभर व्होल्टच्या वर डीसी मोजणारा कुठलाही चालेल.
- डीसी मोजणारा टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून करंट मोजायचं मीटर. नसला तरी काम अडत नाही.
- हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या अॅसिडची घनता बघायची काचेची नळी.
- रिंग पाने. मुठीकडच्या भागावर सायकलची जुनी ट्यूब चढवून घ्या.
- रबरी हातमोजे, चष्मा, खाण्याचा सोडा, बादलीभर पाणी.
- जॅक, आणि चाकाला लावायला दोन दगड किंवा लाकडी ठोकळे.
- गाडीची वायरिंगची आकृती, कंट्रोलरवरच्या लेबलचा फोटो, चार्जरचं वॉरंटी कार्ड.

शेवटची ओळ बहुतेक जण सोडून देतात. जुनी गाडी घेताना विकणाऱ्याकडून कागद मागून घ्या. ते नसतील तर निदान प्रत्येक वायर कुठं जाते त्याचे फोटो गाडी चालू असतानाच काढून ठेवा. बिघाड झाल्यावर, चार वायरी सुटल्यावर काढलेल्या फोटोचा काही उपयोग होत नाही.

२. हात घालण्याआधी

४८ व्होल्टचा झटका घरातल्या २३० सारखा बसत नाही, म्हणून माणूस बेफिकीर होतो. इथली भीती झटक्याची नाही, शॉर्टची आहे. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना तिथंच चिकटून लाल होतो. बोटात अंगठी असेल तर काय होईल ते सांगायला नको. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. गळ्यातली चेन वाकल्यावर लोंबते, तीसुद्धा काढा.

चावी बंद करा, दिशेचं बटण न्यूट्रलला ठेवा. गाडीत ‘टो-रन’ स्विच (गाडी ओढून नेताना आणि चालवताना फिरवायचा) असेल तर तो ‘टो’ वर करा. बॅटरीची केबल सोडायची असेल तर आधी मेन निगेटिव्ह, म्हणजे सगळ्या बॅटऱ्यांच्या जोडणीचं शेवटचं निगेटिव्ह टोक, सोडा, जोडताना ती शेवटी जोडा. केबल सोडली तरी कंट्रोलरच्या आतले कपॅसिटर काही वेळ भरलेले असतात, त्यामुळं त्याच्या टोकांना लगेच हात लावू नका.

चार्जिंग चालू असताना किंवा नुकतंच संपलेलं असताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तेव्हा सीट उचलून झाकण उघडं ठेवा आणि जवळ विडी-काडी नको. मामांना हे पटवायला मला दोन महिने लागले.

चालवून बघायची असेल तर मागची चाकं जॅकवर उचला, पुढच्या चाकांना दगड लावा. जुन्या सिरीज मोटरच्या गाडीत चाकं हवेत असताना पॅडल पूर्ण दाबू नका. ओझं नसलं की ही मोटर मोकाट पळते आणि आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, फुटू शकतं.

३. आधी कान द्या

शांत जागी चावी लावा, दिशा निवडा, पॅडल हळू दाबा आणि सीटखालचा आवाज ऐका.

‘टक्’ आलाच नाही, तर दोष बॅटरीत किंवा बारीक वायरच्या लाइनमध्ये. ‘टक्’ आला पण गाडी हलली नाही, तर सॉलेनॉइडच्या जाड टोकांपासून पुढं. गाडी चालते पण चढाला मेटाकुटीला येते, तर आधी बॅटरी बघा. गचके देत चालते, तर थ्रॉटल (पॅडल किती दाबलं ते कंट्रोलरला सांगणारा भाग) किंवा लूज कनेक्शन.

हे समजायला गाडीतले दोन रस्ते डोक्यात बसले पाहिजेत. जाड केबलचा रस्ता बॅटरीतून सॉलेनॉइडला, तिथून कंट्रोलरला, मग मोटरला आणि परत बॅटरीला. बारीक वायरचा रस्ता चावीतून दिशेच्या बटणाकडं, तिथून पॅडलखालच्या मायक्रोस्विचकडं (पॅडल दाबलं की जुळणारा बारका स्विच) आणि शेवटी सॉलेनॉइडच्या कॉइलला. कंपनीप्रमाणं थोडा फरक पडतो, काही गाड्यांत कॉइलला कंट्रोलरच निगेटिव्ह देतो. पण बारीक रस्त्यानं हुकूम जातो आणि जाड रस्त्यानं ताकद, हे सगळीकडं सारखं.

४. बॅटरी: निम्मे दोष इथंच मिटतात

मीटर डीसीवर आहे ना ते बघा. हसू नका, आयुष्यभर थ्री-फेज मोजलेला मी पहिल्या दिवशी मीटर एसीवर ठेवून ‘बॅटरी मेली’ असं जाहीर करून मोकळा झालो होतो.

चार्जिंग संपल्यावर गाडी काही तास तशीच उभी राहू द्या, मग मोजा. लगेच मोजलं तर आकडा फुगलेला येतो. पूर्ण भरलेल्या ४८ च्या संचावर, म्हणजे सगळ्या बॅटऱ्या मिळून, साधारण ५०.९ व्होल्ट दिसतात. ४८.४ च्या आसपास आला म्हणजे निम्मीच भरलेली. डॅशबोर्डवर ‘४८’ दिसतंय म्हणून खूश होणारे खूप भेटतात. ४८ व्होल्टच्या बॅटरीवर ४८ दिसणं म्हणजे ती अर्ध्याच्याही खाली आलेली असते.

आता एकेक बॅटरी सुटी मोजा. ६ व्होल्टची भरलेली ६.३७ च्या जवळ, ८ ची ८.४९, १२ ची १२.७३. सगळ्या एकमेकींच्या जवळपास हव्यात. एखादी ६ ची ५.९ वर आणि बाकीच्या ६.३ वर असतील तर चोर सापडला.

पण उभ्या गाडीवरचं मोजमाप पुरेसं नाही. पैलवान कितीही फुगलेला दिसला तरी लाल मातीत उतरल्याशिवाय कळत नाही, बॅटरीचंही तसंच आहे. एकाला गाडी चढावर न्यायला सांगा, किंवा ब्रेक अर्धवट दाबून पॅडल दोन-तीन सेकंद द्यायला सांगा, आणि त्याच वेळी एकेका बॅटरीवर मीटर धरा. व्होल्टेज थोडं उतरणारच. आमच्या दुसऱ्या गाडीत सात बॅटऱ्या ५.७-५.८ वर थांबायच्या आणि पाचव्या नंबरची एकटी ४.६ पर्यंत कोसळायची. उभ्या गाडीत तीच ६.२ दाखवायची! सगळा संच बदलायला सांगणाऱ्यानं ही परीक्षा केलीच नव्हती.

हायड्रोमीटरनं हे पक्कं करा. भरलेल्या सेलची घनता साधारण १.२७७ असते. एकाच संचातल्या सेलांमध्ये ०.०५० पेक्षा जास्त तफावत असेल तर कमी घनतेचा सेल संशयित. नुकतंच डिस्टिल्ड वॉटर टाकलं असेल तर घनता मोजू नका, वरचं पाणी खालच्या अॅसिडमध्ये मिसळलेलं नसतं.

पाण्याबद्दलच एक: भर घालायची ती चार्जिंग झाल्यावर. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये अॅसिड उकळून बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच चार्जिंगआधी त्या बुडतील एवढं टाका. आणि पाणी डिस्टिल्डच, बोअरचं नाही. फिल्टरचंही नाही.

मग टोकं बघा. हिरवी-पांढरी बुरशी साचलेली असेल तर सोड्याचं पाणी शिंपडून ब्रशनं घासा, पण बॅटरीची बुचं घट्ट बंद करून. सोडा आत गेला तर अॅसिड मरतं. केबलचे लग, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कड्या, हलवून बघा. वरून चकाचक दिसणारा लग क्रिंपच्या (दाबलेल्या जोडाच्या) आत काळा पडलेला असू शकतो. अशी केबल ओळखायची युक्ती सोपी आहे: ओझ्याखाली गाडी असताना मीटरची एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या टोकावर आणि दुसरी त्याच केबलच्या पलीकडच्या टोकावर धरा. चांगल्या केबलवर व्होल्टचा अगदी छोटा अंश दिसतो. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर ती केबल गरम होत असणार. नवीन लग हातोडीनं ठोकून बसवू नका. उद्यमनगरात हायड्रॉलिक क्रिंपिंग करून देणारे आहेत, पाच मिनिटांचं काम आहे.

लिथियमची गाडी असेल तर हे बरंचसं लागू होत नाही. तिथं व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतं आणि मग बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट, एकदम तोडतो. संचावर शून्य दिसलं तर बॅटरी मेली असं धरू नका, आधी चार्जर लावून बीएमएस जागा होतो का ते बघा. डबा स्वतः उघडू नका.

५. ‘टक्’ येतच नाही

काळी प्रोब बॅटरीच्या मेन निगेटिव्हवर पक्की लावा. लाल प्रोब घेऊन बारीक रस्त्यानं एकेक मुक्काम चालत जा: फ्यूजच्या अलीकडं, पलीकडं, चावीच्या आत, बाहेर, दिशेचं बटण, मायक्रोस्विच. जिथंपर्यंत पूर्ण व्होल्टेज येतं आणि ज्याच्या पुढं येत नाही, तिथं दोष.

त्याआधी दोन फुकटच्या गोष्टी तपासा. चार्जरची पिन लावलेली असेल तर बऱ्याच गाड्या मुद्दाम हलत नाहीत. आणि पॅडलवर पाय ठेवून चावी फिरवली तर अनेक कंट्रोलर सुरक्षेसाठी गाडी अडवून धरतात. पाय काढा, चावी बंद करून परत लावा. एका कॉलेजवरून मला रविवारी बोलावणं आलं होतं, आणि दोष एवढाच निघाला की ड्रायव्हरचा बूट पॅडलवर टेकलेला होता. चहा मात्र चांगला मिळाला.

मायक्रोस्विच पॅडलखाली असतो, धूळ आणि पाणी तिथंच जातं, म्हणून तो वरचेवर जातो. पॅडल दाबल्यावर त्याची बारीक ‘टिक्’ ऐकू येते, पण आवाज आला म्हणजे कॉन्टॅक्ट झाला असं नाही. वायर काढून कंटिन्युइटी, म्हणजे आतून सलग जोडणी आहे का ते, मीटरनं बघा.

आणि उंदीर. आमच्या भागात ऊसतोड झाली की शेतातले उंदीर शेडकडं वळतात. सीटखालची ऊबदार जागा त्यांना फार आवडते. वायरचा जुडगा टेपमध्ये गुंडाळलेला असला तरी बोटांनी चाचपून बघा.

६. ‘टक्’ येतो, गाडी हलत नाही

हाच आमच्या आजींचा केस, म्हणून इथं जरा थांबतो.

सॉलेनॉइडला दोन जाड टोकं आणि दोन बारीक. बारकी टोकं कॉइलची. कॉइलला करंट मिळाला की आतली तांब्याची चकती जाड टोकांवर आदळते, तो ‘टक्’. मामांची चूक इथं झाली, आणि माझी त्यांच्यापेक्षा मोठी: आवाज आला म्हणजे चकती आदळली, एवढंच सिद्ध होतं. चकती जळून काळी झाली असेल तर आवाज तसाच येतो, करंट मात्र पलीकडं जात नाही.

काळी प्रोब मेन निगेटिव्हवर ठेवून लाल प्रोब बॅटरीकडच्या जाड टोकावर लावा, पूर्ण व्होल्टेज दिसलं पाहिजे. मग कंट्रोलरकडच्या टोकावर लावा. इथं नवे लोक फसतात. बऱ्याच गाड्यांत दोन जाड टोकांच्या मध्ये एक रेझिस्टर असतो, तो कंट्रोलरचे कपॅसिटर आधीच भरून ठेवतो. त्यामुळं पॅडल न दाबताही पलीकडं जवळपास पूर्ण व्होल्टेज दिसतं आणि माणूस म्हणतो, ‘सॉलेनॉइड ओके’. मी हेच म्हणालो होतो.

खरी परीक्षा ओझ्याखाली. मीटरच्या दोन्ही प्रोब दोन जाड टोकांवरच धरा आणि दुसऱ्याला पॅडल दाबायला सांगा. ‘टक्’ झाल्यावर आकडा शून्याजवळ आला पाहिजे, फार तर दशांश-दोन दशांश. काही व्होल्ट तसेच उरले, तर चकती गेली. आमच्या गाडीत ३१ व्होल्ट उरत होते. जुना सॉलेनॉइड करवतीनं कापला तर आतल्या चकतीला चुलीवरच्या तव्यासारखा रंग आलेला.

नवीन बसवताना कॉइलचं व्होल्टेज जुळवून घ्या. जुन्यावरचा रेझिस्टर आणि बारक्या टोकांवरचा डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) दोन्ही परत लावा. डायोडची पट्टी पॉझिटिव्हकडं. उलटा लावलात तर पॅडल दाबताक्षणी शॉर्ट होऊन फ्यूज किंवा मायक्रोस्विच जातो. आणि रेझिस्टर गाळला तर दर वेळी ठिणगी पडून नवीन चकतीही लवकर जळते. दुकानदार ‘चालतंय त्याच्याशिवाय’ म्हणतात. चालतं, काही दिवस.

७. थ्रॉटल आणि कंट्रोलर

पॅडलच्या पोटेन्शिओमीटरची, म्हणजे पॅडलबरोबर रेझिस्टन्स बदलणाऱ्या भागाची, वायर कंट्रोलरकडून सोडा, ओहमवर मीटर लावा आणि पॅडल अगदी हळू दाबा. पुष्कळ गाड्यांत आकडा शून्यापासून ५ किलोओहमपर्यंत, काहींत उलट, सलग सरकतो. मध्येच उडी मारली किंवा ‘ओपन’ दाखवलं तर गचक्यांचं कारण तेच. हॉल सेन्सरची किंवा इंडक्टिव्ह थ्रॉटलची गाडी असेल तर ओहमवर काही कळणार नाही, तिथं मॅन्युअलप्रमाणं व्होल्टेज मोजावं लागतं.

कंट्रोलरवर बारीक एलईडी असेल तर ती किती वेळा लुकलुकते ते मोजा. तो बिघाडाचा कोड असतो, अर्थ त्याच कंट्रोलरच्या मॅन्युअलमध्ये. कागद जपायला सांगितले ते यासाठी.

कंट्रोलर खराब आहे असं म्हणायचं केव्हा? आत येणारं व्होल्टेज ओझ्याखालीही पूर्ण, चावीचा सिग्नल पोचतोय, थ्रॉटल बरोबर, मोटर बरोबर, आणि तरीही बाहेर काही निघत नाही, तेव्हाच.

८. मोटर

माझी आवडती जागा, आणि इथंच सगळ्यात कमी दोष निघतात.

वायरी सोडून कंटिन्युइटी बघा. सिरीज मोटरवर ए१-ए२ मध्ये आणि एस१-एस२ मध्ये मिळाली पाहिजे, ए आणि एस मध्ये नाही, आणि कुठल्याही टोकापासून बॉडीला तर नाहीच. सेपेक्स मोटर (जिच्या फील्ड वाइंडिंगला वेगळा करंट मिळतो) असेल तर एस च्या जागी एफ१-एफ२ वाचा. ए१-ए२ ओपन आली तर रिवाइंडिंगला टाकण्याआधी कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश, बघा. झिजून आखूड झालेला किंवा होल्डरमध्ये अडकलेला कार्बन हातानं सुटतो.

एसी मोटरच्या गाडीला कार्बन नसतात. ती एकदम गोगलगायीसारखी चालायला लागली तर स्पीड सेन्सरची वायर आधी तपासा.

९. चार्जच होत नाही

चार्जर लावल्यावर संचाचं व्होल्टेज हळूहळू चढतंय का बघा. ५० च्या वर जाऊन शेवटी ५८ च्याही पुढं जायला हवं. काहीच हलत नसेल तर प्लग, फ्यूज, चार्जिंग सॉकेटच्या पिना.

एक सापळा नक्की लक्षात ठेवा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहून बॅटरी फारच उतरली, तर अनेक ऑटोमॅटिक चार्जर चालूच होत नाहीत, कारण समोर बॅटरी आहे हेच त्यांना कळत नाही. लोक चार्जर दुरुस्तीला टाकतात, तिकडून तो ‘ठीक आहे’ म्हणून परत येतो. अशा वेळी एकेक बॅटरी तिच्या व्होल्टेजच्या छोट्या चार्जरवर थोडी वर आणून मग मोठा चार्जर लावायचा. लग्नसराई संपल्यावर गाडी शेडमध्ये ढकलून विसरणाऱ्यांमध्ये मीही होतो.

चार्जरचं खोकं उघडून आतल्या २३० व्होल्टच्या बाजूला हात घालू नका. ते काम जाणकाराचं.

१०. लाइट आणि हॉर्न

गाडी पळते पण लाइट लागत नाहीत, तर ४८ चे १२ करणारा कन्व्हर्टर आणि त्याचा फ्यूज बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत कुणीतरी कन्व्हर्टरचे पैसे वाचवायला दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरूनच १२ ओढलेले असतात. त्या दोन नेहमी जास्त उतरतात, आणि चार्जर सगळ्यांना एकाच मापानं भरतो. वर सांगितलेली आमची पाचव्या नंबरची बॅटरी अशीच गेली. आधीच्या मालकानं तिच्यावर रोषणाईची माळ आणि गाण्याचा डबा चालवला होता.

११. पावसाळ्यात

आपल्याकडचा जुलै म्हणजे काय ते सांगायला नको. गाडी प्रेशरच्या पाण्यानं धुऊ नका. बॅटऱ्यांवर ओली धूळ आणि अॅसिडची वाफ बसली की तिच्यातून करंट झिरपतो. मीटर बॅटरीच्या टोकावर आणि चासीवर धरून बघा. या गाड्यांत चासी बहुधा निगेटिव्हला जोडलेली नसते, त्यामुळं तिथं व्होल्टेज टिकून दिसत असेल तर कुठंतरी गळती आहे. सोड्याच्या पाण्यानं पुसून, वाळवून परत मोजा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी जिथं शिरलं, तिथल्या काही गाड्या नंतर माझ्याकडं आल्या. त्यातल्या ज्या मालकांनी ‘चालू होते का बघूया’ म्हणून चावी फिरवली, त्यांचे कंट्रोलर गेले. पाण्यात बसलेली गाडी आधी मेन निगेटिव्ह सोडून ठेवा. मोटर उतरवून वाळवा, बेअरिंगं बदला, प्रत्येक कनेक्टर उघडून पुसा, मोटर आणि चासीमधलं इन्सुलेशन मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) बघून घ्या. आमच्याकडच्या त्यातल्या एका गाडीला हे करायला अकरा दिवस लागले, आणि तिला नवीन लागले ते फक्त एक मायक्रोस्विच आणि दोन लग.

१२. एक वही

शंभर पानी वही सीटखाली नको, उंदीर खातात. ऑफिसात ठेवा. महिन्यातून एकदा, चार्जिंगनंतर गाडी विसावल्यावर, प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज नंबरवार लिहा, खाली पाणी किती घातलं ते लिहा. हल्ली आमची वही मामा लिहितात. गेल्या पानावर तीन नंबरच्या बॅटरीपुढं त्यांनी ६.२१ लिहून खाली शेरा मारलाय: ‘हिच्यावर लक्ष ठेवा दादा.’